मिरास आणि उपरी

तंजावर शहरातल्या जुन्या सरकारी रुग्णालयाचे नाव 'राजा मिरासदार रुग्णालय' असे आहे. पापनाशम, ओरत्तनाडु, पट्टुकोट्टै अशा आसपासच्या तालुक्यांतली माणसे तिथे बाळंतपणाला, दुखण्याखुपण्याला येतात. मराठी वाचक या नावापाशी थांबतो. 'मिरासदार' म्हटले की आपल्याला द. मा. मिरासदार आठवतात, त्यांची भोकरवाडी आठवते, हसून हसून दुखलेले पोट आठवते. तंजावर जिल्ह्यातल्या शेतमजुराच्या घरात हाच शब्द उच्चारला तर ऐकणाऱ्यापुढे वेगळेच चित्र उभे राहते: शेकडो एकर भातजमिनीचा धनी, त्याचे मोठे घर आणि त्या घराच्या मागच्या दाराशी मजुरीचे भात मोजून घ्यायला उभे राहिलेले आपले आजे-पणजे. तमिळ माणूस त्याला 'मिरासुदार' म्हणतो. या एका शब्दाचा माग काढत गेले, तर तंजावरच्या मराठ्यांविषयी आपण काय आठवतो, काय आठवत नाही आणि तिकडचे लोक काय आठवतात, याचा बराच उलगडा होतो.

मूळ अरबी. वारस, वारसा आणि मिरास ही एकाच धातूची तीन लेकरे. अरबीत 'वारिस' म्हणजे मागे राहिलेल्या धनाचा हक्कदार, आणि 'मीरास' म्हणजे ते धन. फारसीच्या वाटेने हे शब्द दख्खनच्या दप्तरांत आले आणि मराठीत इतके मुरले, की तुकोबांच्या काळच्या वारकऱ्यालाही मिरास हा शब्द परका नव्हता. पुढे भावंडांची नशिबे वेगळी झाली. 'वारसा' मोठ्या मानाचा झाला. किल्ले, लेणी, ग्रंथ, सण, जे जे म्हणून आपल्याला मागून मिळाले आहे असे वाटते, त्या सगळ्याला आज आपण वारसा म्हणतो. आपल्या संस्कृतीचा अभिमान सांगताना हाच अरबी शब्द ओठांवर येतो. 'मिरास' मात्र जमिनीच्या जुन्या कागदांत राहिली, आडनावात राहिली, आणि 'ही काय तुमची मिरासदारी आहे का?' अशा भांडणाच्या वाक्यात राहिली. तमिळनेही दोन्ही घेतले. 'वारिसु' हा तमिळमध्ये रोजच्या वापरातला शब्द आहे. घरातले माणूस गेले की मागे राहिलेल्यांना तहसील कचेरीतून 'वारिसु' दाखला काढावा लागतो.

पापनाशमच्या तालुका कचेरीत मराठी माणसाचे कान टवकारतील असे शब्द पुष्कळ आहेत. तालुका हा शब्द तिथे आहेच. तासिल्दार आहे, पट्टा आहे, चिट्टा आहे. वर्षातून एकदा तालुक्याचे महसुली हिशेब तपासतात, लोक आपापले अर्ज घेऊन रांगा लावतात, त्याला तमिळनाडूत अजूनही 'जमाबंदी' म्हणतात. पुण्यात जमाबंदी आयुक्त बसतात तोच हा शब्द. यांतला प्रत्येक शब्द मराठ्यांनीच नेला असे म्हणणे बरोबर नाही. अर्काटच्या नवाबाचा फारसी कारभार होता, पुढे कंपनीचे दप्तर आले, त्यांचाही यात हात आहे. पण 1676 च्या सुमारापासून 1855 पर्यंत तंजावरच्या गादीवर भोसले होते आणि त्यांचे दप्तर मोडीत चालत होते. कावेरीच्या या भातखोऱ्यात महसुलाची भाषा घडली, त्यात मोडी लिहिणाऱ्या कारकुनाचा बोरू नक्कीच होता.

पापनाशम हे गाव तंजावर ते कुंभकोणम या रस्त्यावर आणि रेल्वेमार्गावर आहे. नावाचा अर्थ आपल्याला कोणी सांगायला नको. रामाने रावणवधाच्या पापातून सुटण्यासाठी इथे लिंगे स्थापली अशी कथा आहे आणि एकशे आठ लिंगांचे देऊळही आहे. याच नावाचे दुसरे गाव तिरुनेलवेली जिल्ह्यात ताम्रपर्णीच्या काठी आहे, म्हणून तंजावरचे पापनाशम असे वेगळे सांगावे लागते. गावातल्या दुसऱ्या शिवस्थानाचे नाव मात्र जुने, तमिळ आहे: तिरुप्पालैत्तुरै. त्या देवळाच्या आवारात नायक राजांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले भाताचे एक अवाढव्य कोठार उभे आहे. तीन हजार कलम भात त्यात मावते असे सांगतात. 'कलम' हे धान्य मोजायचे तमिळ माप. देवळाच्या अंगणात एवढे कोठार का लागले, हे समजले की या मुलखातल्या मिरासीचे वजन समजते. कावेरीचे पाणी, त्यावर पिकणारे भात आणि त्या भातात कोणाचा किती हिस्सा, याभोवती इथले जगणे शतकानुशतके फिरत आले. चोळ गेले, नायक आले, नायक गेले, मराठे आले. वाटणीचा प्रश्न कायम राहिला.

मिरासीचा अर्थ आपल्या बाजूने आधी पाहू. दख्खनच्या गावात जमीन कसणारे दोन प्रकारचे असत, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. तो सारा भरी, गावच्या पंक्तीत त्याला मान असे, आणि दुष्काळात गाव सोडून परागंदा झाला तरी त्याचा हक्क सहसा बुडत नसे. कित्येक वर्षांनी तो किंवा त्याचा मुलगा परत आला तर जमीन मागू शके. उपरी म्हणजे बाहेरून आलेला. सरकारची किंवा दुसऱ्याची जमीन कराराने कसणारा, पीक निघाले की ज्याचा त्या मातीशी संबंध संपू शकतो असा. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल 1821 साली छापला, त्यात या दोघांचे वर्णन आहे. त्याच्या तीन वर्षे आधी, 1818 मध्ये, मद्रासला फ्रान्सिस एलिस या अधिकाऱ्याने मिरासी हक्कावरच्या सतरा प्रश्नांना सविस्तर उत्तरे लिहिली होती. तमिळ, तेलुगू, कन्नड या भाषा संस्कृतातून निघाल्या नसून त्यांचे कुळ स्वतंत्र आहे, हे 1816 साली मांडणारा एलिस तो हाच. भाषांची आणि जमिनीची मिरास एकाच माणसाने तपासावी, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

एलिसच्या लिखाणातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. मिरास हा शब्द तमिळ मुलखात नवा असला तरी वस्तू जुनी होती आणि तिला जुने नाव होते: 'काणियाट्चि'. काणी म्हणजे जमिनीचा हक्काचा तुकडा, आट्चि म्हणजे ताबा, सत्ता. चोळांच्या शिलालेखांत काणी पदोपदी भेटते. आपल्याकडे मिरासदार आणि उपरी, तसा काहीसा भेद तिथे जमीन कसणाऱ्या कुळांत होता: 'उळ्कुडि' आणि 'परक्कुडि'. पहिला गावातला, दुसरा बाहेरचा. म्हणजे मराठ्यांनी आणि नवाबांनी जुन्या हक्काला नवे नाव दिले, आणि पुढे ते नाव इतके रुजले की काणियाट्चि पंडितांच्या पुस्तकांत गेली आणि मिरासुदार लोकांच्या तोंडी बसला. जेत्यांच्या भाषेतून आलेला शब्द हरलेल्यांची जुनी वस्तू झाकून टाकतो आणि दोन पिढ्यांनी तो शब्दच अस्सल आणि मूळचा वाटू लागतो. आपण अभिमानाने उच्चारतो त्या वारसा शब्दाची गोष्ट आपल्याकडे हीच आहे.

आता तंजावरचे मराठे स्वतः कोण होते? उपरी की मिरासदार? व्यंकोजी राजे तिथे गेले ते विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार म्हणून, मदुरेच्या नायकाने घेतलेले तंजावर तंजावरच्याच नायकवंशाला परत मिळवून देण्यासाठी. मदत करायला आले आणि गादीवर बसले. शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या दौलतीत आपला अर्धा वाटा आहे, म्हणून 1677 च्या उन्हाळ्यानंतर शिवाजी महाराज कोल्लिडम नदीच्या उत्तर काठावर तिरुमळवाडीला येऊन राहिले. दोघे भाऊ भेटले, बोलणी झाली, आणि एका रात्री व्यंकोजी नदी ओलांडून निघून गेले. शाळेत आपण याला दक्षिण दिग्विजयाचा एक प्रसंग म्हणून शिकतो. मुळात हे भांडण मिरासीचे होते: बापाच्या मागे राहिलेल्या धनाचे, दोन भावांतले, महाराष्ट्राच्या कोणत्याही गावच्या चावडीवर ओळखीचे वाटावे असे.

याच प्रसंगातला 'कर्नाटक' हा शब्द पाहण्यासारखा आहे. बखरी आणि पत्रे जिंजी, वेलूर, तंजावर या सगळ्याला कर्नाटक म्हणतात. जिंजी तिथे 'चंदी' होते, तंजावर 'चंदावर' होते. आजचा वाचक कर्नाटकची मोहीम म्हटल्यावर बंगळूर-धारवाडचा नकाशा डोळ्यांपुढे आणतो आणि गोंधळतो. इंग्रजांनी 'कर्नाटिक' म्हटले तेही मुख्यतः तमिळ मैदान आणि किनारा. कावेरीकाठी वाढलेल्या गायनाला आज कर्नाटक संगीत म्हणतात, तेव्हा त्या नावातही शब्दाचा जुना, मोठा विस्तार उरलेला आहे. 1956 च्या भाषावार नकाशाने आपल्याला इतके घट्ट धरले आहे, की पूर्वीच्या माणसांना तो नकाशा ठाऊकच नव्हता हे आपल्या ध्यानात राहत नाही. व्यंकोजींच्या वंशजांना आपण 'महाराष्ट्राबाहेर राज्य करणारे मराठे' म्हणतो. त्यांच्यातल्याच दुसऱ्या सर्फोजीराजांनी मात्र आपल्या घराण्याचा इतिहास राजराज चोळाच्या देवळाच्या आवारात कोरून घेतला. आपण कोणत्या परंपरेच्या रांगेत उभे आहोत, याविषयी त्यांच्या मनात काय होते ते या जागेच्या निवडीवरून कळते.

तो लेख 1803 सालचा, त्याच बृहदीश्वराच्या देवळाच्या प्राकाराच्या भिंतीवरचा, मराठी भाषेत आणि देवनागरीत. नाव 'भोसले वंशचरित्र'. लिहिणारा बाबुराय चिटणीस. इथे 'चरित्र' शब्दाकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. मराठीत आज चरित्र एका माणसाचे असते. अनेकांचे, देशाचे, काळाचे जे असते तो इतिहास. कावेरीच्या काठावर तसे नाही. तमिळमध्ये 'सरित्तिरम्' म्हणजेच इतिहास, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्येही चरित्र, चरित्रे म्हणजे इतिहास. पापनाशम तालुक्यातच मेलट्टूर हे गाव आहे, जिथे नरसिंहजयंतीला भागवतमेळा होतो. पुरुषच सगळी सोंगे घेतात आणि भाषा तेलुगू असते. त्यांचे सर्वांत मानाचे नाटक 'प्रह्लादचरित्रम्'. तिथले चरित्र देवाच्या भक्ताचे. बाबुरायाचे वंशचरित्र या सगळ्या अर्थांच्या मधोमध उभे आहे. रचना मराठी बखरीची, नाव दक्षिणेच्या वळणाचे.

बखर शब्दाविषयी दोन मते आहेत. 'खबर' मधली अक्षरे उलटली आणि बखर झाली, हे एक. आणि पत्राच्या शेवटी येणाऱ्या 'बखैर' या क्षेमकुशलाच्या शब्दावरून आली, हे दुसरे. पहिले मत मला अधिक पटते, कारण बखर ही मुळात कोणी तरी कोणाला तरी विचारल्यावरून दिलेली बातमी असते. 'कैफियत' तशीच: आधी नुसती हकीकत, मग गावाचा वा घराण्याचा लेखी वृत्तांत, आणि आता 'आपली कैफियत मांडणे' म्हणजे न्यायासाठी केलेली विनवणी. इतिहासाचा शब्द तक्रारीचा होणे हे उगाच घडले नाही. इनाम, वतन, मिरास यांचे वाद निवडायचे असले की प्रत्येकाला आपल्या घराण्याचा इतिहास सांगावाच लागे. तमिळचा स्वतःचा शब्द 'वरलारु'. वरल् म्हणजे येणे, आरु म्हणजे वाट. आजवर जसे येत गेले ती वाट. आपल्या 'इति-ह-आस' मध्ये 'असे होते' हा ठाम निर्वाळा आहे. वरलारुत चालण्याची क्रिया आहे आणि ती आजपर्यंत पोचते. दोन्ही शब्द आपापल्या जागी सुंदर आहेत. तंजावरच्या मराठ्यांविषयी विचार करताना मात्र मला वरलारु जवळचा वाटतो.

गावांच्या नावांकडे वळू, कारण लोक काय ठेवतात आणि काय टाकतात याचा खरा हिशेब तिथे असतो. मेलट्टूर हे अच्युतप्पा नायकाने ब्राह्मण कुटुंबांना दिलेले गाव, म्हणून त्याचे राजनाव अच्युतपुरम्. कुंभकोणमजवळचे तिरुविशनल्लूर दुसऱ्या शहाजीराजांनी 1693 साली पंडितांना दिले आणि ते शाहजीराजपुरम् झाले. ओरत्तनाडूला सर्फोजींनी मुक्तांबाळ नावाच्या आपल्या प्रिय स्त्रीच्या स्मरणार्थ छत्र बांधले आणि त्या गावालाही तिचे नाव दिले. आज लोक मेलट्टूर, तिरुविशनल्लूर, ओरत्तनाडु हीच नावे घेतात. राजांची नावे कागदावर राहिली. उलट तंजावरात मानोजीअप्पांची गल्ली आहे, कुंभकोणममध्ये डबीर गल्ली आहे. 'दबीर' म्हणजे फारसीत लिहिणारा, चिटणीस. शिवाजी महाराजांच्या प्रधानमंडळातला सुमंत तो हाच, आणि मराठीत डबीर आडनाव अजून आहे. राजाचे नाव गेले आणि सरदाराचे, कारकुनाचे राहिले, यामागे मला एक साधे कारण दिसते. गावाला जुने नाव आधीच होते, त्यावर राजाने नवे चढवले, ते उतरले. गल्लीला नावच नव्हते. तिथे राहणाऱ्या माणसावरून ते पडले, म्हणून टिकले. वरून चढवलेल्या आणि खालून उगवलेल्या आठवणीत हा फरक असतो.

अपवाद आहे आणि तो मोठा आहे. पट्टुकोट्टैच्या बाजूला समुद्रकाठी सरभेंद्रराजन्पट्टिनम् गावात एक उंच बुरूजवजा इमारत आहे. तिला तिथले सगळे लोक 'मनोरा' म्हणतात. शुद्ध आपला शब्द. अरबी 'मनारा', उजेडाची जागा, तिथून निघालेला. मराठीत कोणताही उंच बांधलेला मिनार म्हणजे मनोरा, तमिळमध्ये मात्र हे एकाच वास्तूचे विशेषनाम आहे. सर्फोजीराजांनी तो 1814-15 मध्ये उभारला, नेपोलियनच्या पराभवाचा आणि इंग्रजांच्या विजयाचा आनंद म्हणून. त्या वेळी पुण्यात पेशवे होते. 1799 च्या तहाने सर्फोजींच्या हाती तंजावरचा किल्ला आणि थोडा परिसर एवढेच उरले होते. शिवाजी महाराजांच्या भावाच्या वंशातला, अनेक भाषा जाणणारा, सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवणारा, रोग्यांच्या डोळ्यांवर स्वतः उपचार करणारा हा राजा. त्याने इंग्रजांच्या जयाचा मनोरा बांधला, ही गोष्ट आपण तंजावरविषयी बोलताना गाळतो. गाळू नये. ज्यांचे राज्य किल्ल्याच्या भिंतीपर्यंत आक्रसले होते, त्यांनी काय केले असते तर आपल्याला बरे वाटले असते, हा प्रश्न आपला आहे. त्यांच्यापुढे तो त्या रूपात नव्हता.

आपल्याला बरे वाटावे म्हणून रचलेल्या व्युत्पत्तीही आहेत. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आले, ते तंजावरला पाहुणे आले असता आमसूल संपले आणि चिंच घातली, ही कथा सर्वत्र फिरते. संभाजीराजे तंजावरला गेल्याचा पुरावा नाही. संस्कृतात 'संभार' म्हणजे जमवलेली सामग्री, आणि विदर्भात कोथिंबिरीला आजही सांबार म्हणतात, सांबारवडी त्याचीच. मसाल्याच्या सामग्रीवरून पदार्थाला नाव पडले, एवढे मानायला कोणा राजाची गरज नाही. या कथेच्या नादात त्याच स्वयंपाकघरातले खरे धागे मात्र कोणी पाहत नाही. तंजावरकडच्या तमिळ ब्राह्मण घरांत 'रसवांगी' होते: वांगी, डाळ आणि ओल्या खोबऱ्याचे वाटण. तमिळमध्ये वांग्याला कत्तरिक्काय म्हणतात. वांगी शब्द आपला. 'पिट्लै' होते, कारल्याचे किंवा वांग्याचे, डाळ आणि भाजलेल्या मसाल्याचे. नाव पिठल्याचे, पण बेसन हरवलेले. 'डांगर पच्चडि' होते, उडदाचे पीठ दह्यात कालवून, आणि ती करणाऱ्या बाईला आपण मराठी शब्द वापरतो आहोत हे बहुधा ठाऊक नसते. हे शब्द कोण्या दरबाराने दिले नाहीत. शेजारणींनी एकमेकींकडून घेतले.

'लावणी' तिकडे कशी गेली आणि काय झाली, हे तर स्वतंत्र प्रबंधाचे काम आहे. तंजावर भागात होळीच्या सुमारास कामदहनाचा सण होतो, कामन् पंडिगै. त्यात दोन पक्ष समोरासमोर बसून डफावर गातात. एक 'एरिंद कट्चि', म्हणजे मदन जळाला म्हणणारा. दुसरा 'एरियाद कट्चि', जळाला नाही म्हणणारा. सवाल, जवाब, पुराणातले दाखले, कुरघोडी. या गायनाला तमिळमध्ये लावणी म्हणतात. आपल्याकडची बैठकीची किंवा फडावरची शृंगारिक लावणी डोळ्यांपुढे आणली तर काहीच जुळत नाही. कलगी-तुऱ्याची भेदिक लावणी आठवली की सगळे जुळते: शक्ती मोठी की शिव मोठा, रात्ररात्र चाललेला वाद. महाराष्ट्रात भेदिक शाहिरी मागे पडली आणि लावणी म्हणजे नाच असे समीकरण बसले. तंजावरच्या खेड्यांनी शब्दाचा जुना अर्थ धरून ठेवला. पुढे तमिळ वर्तमानपत्रांच्या भाषेत लावणी म्हणजे दोन पुढाऱ्यांनी एकमेकांवर केलेली न संपणारी दोषारोपांची फेक असाही अर्थ आला. आपली विसरलेली गोष्ट दुसऱ्याने सांभाळावी, हे पुन्हा पुन्हा घडले आहे. कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' हे शिवचरित्राचे समकालीन साधन. त्याची हस्तलिखित प्रत सदाशिव महादेव दिवेकरांना तंजावरच्या सरस्वती महालात सापडली. 1927 साली भारत इतिहास संशोधक मंडळाने ते छापले. जयराम पिंड्याचे 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान'ही तिथूनच आले. महाराष्ट्राने शिवाजी महाराजांना विसाव्या शतकात नव्याने ओळखले, त्यातली काही पाने कावेरीकाठच्या ताडपत्रांच्या आणि कागदांच्या राशीत अडीचशे वर्षे राहिली होती.

त्या राशीही जाण्याच्या बेतात होत्या. 1855 साली दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले. मुली होत्या, राण्या होत्या. कंपनीने राज्य खालसा केले आणि खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. आपल्या भाषेत सांगायचे तर इतके वारस असताना घर बेवारस ठरवले. कामाक्षीबाई राणीसाहेब न्यायालयात गेल्या. मद्रासला निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, की हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, यावर न्यायालय काही करू शकत नाही. हा निवाडा कायद्याच्या पुस्तकांत अजून शिकवला जातो. 'कामची बोये साहबा' असे वेडेवाकडे लिहिलेले नाव वाचताना ही तंजावरची मराठी बाई होती, हे किती विद्यार्थ्यांना कळत असेल? पुढे सरस्वती महालाचे ग्रंथालय 1918 साली सर्वांना खुले झाले. मोडी कागदांचे गठ्ठे राहिले, आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतले पुष्कळसे वाचवून तमिळमध्ये उतरवले. आज तंजावरच्या मराठी राज्याविषयी ज्याला तपशिलात जाणून घ्यायचे आहे, त्याला तमिळ यावी लागते. याचे मला वाईट वाटत नाही. ज्यांनी मेहनत केली त्यांच्या भाषेत ती राहणे न्यायाचेच आहे. वाईट याचे वाटते, की ती मराठीत आणण्याची घाई आपल्याला झालेली नाही.

आणि आता मिरासुदाराकडे परत यायला हवे, कारण सगळ्यांत जड आठवण तिथे आहे. कावेरीच्या खोऱ्यात मिरासी म्हणजे नुसती जमीन नव्हती. जमिनीबरोबर 'पण्णैयाळ' असत, पिढ्यान्‌पिढ्या एकाच धन्याच्या शेतात राबणारे, बहुतेक दलित. त्यांना संरक्षण देण्यासाठी 1952 साली राजाजींच्या सरकारला तंजावरपुरता वेगळा कायदा करावा लागला, यावरून ती व्यवस्था किती आवळलेली होती हे कळते. 1968 च्या नाताळच्या दिवशी त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणि गावात 44 माणसे एका झोपडीत जाळून मारली गेली. बहुतेक बायका आणि मुले. भाताच्या मजुरीत थोडी वाढ मागितल्यावरून वाद चालू होता आणि समोर मिरासदार होते. मराठी राज्य जाऊन तेव्हा शंभरावर वर्षे झाली होती, मिरासदारांत अनेक जातींचे आणि भाषांचे लोक होते. पण त्यांच्या पदाचे नाव मोडी दप्तरात वावरलेले होते. तंजावरच्या वारशाचा अभिमान बाळगायचा असेल, तर ग्रंथालय आपले आणि हा शब्द त्यांचा, अशी वाटणी करता येणार नाही. मिरास घेतली की तिच्यावरचे कर्जही घ्यावे लागते, हे आपल्या गावच्या कोणत्याही शेतकऱ्याला माहीत असते.

उपरी शब्दाचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. तो 'उपरा' या रूपात मराठीत जिवंत राहिला, आणि 1980 साली लक्ष्मण माने यांनी आपल्या आत्मकथनाला तेच नाव दिले. कैकाडी समाजातला, गावोगाव फिरणारा, कुठल्याच गावच्या मिरासीत न बसणारा माणूस आपली गोष्ट त्या शब्दात सांगू लागला, तेव्हा महसुली वहीतला शब्द माणसाच्या दुःखाचा झाला. तंजावरच्या मराठी घरांनी हा प्रवास उलट्या दिशेने केला होता. उपरी म्हणून गेले, मिरासदार झाले, आणि आज तमिळ बोलत, घरात जुनी मराठी जपत, शेजाऱ्यांकडून 'रायर' म्हणवून घेत राहतात. राजा, राय, राव अशी झीज होत आलेल्या आपल्या शब्दाला तमिळने आदराचा 'अर्' लावला आणि रायर केला. कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण झाले, 1887 च्या मद्रास काँग्रेसच्या स्वागत समितीचे अध्यक्ष झाले. त्यांना मिरासदार म्हणायचे की उपरे, ते बडोद्यात बसून विचारले तर एक उत्तर येईल आणि मद्रासला विचारले तर दुसरे.

दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' 1932 ते 1938 या काळात सात खंडांत निघाला, पुरवणी 1950 साली आली. पुढचा मोठा मराठी कोश कधी तरी होईल. त्यात 'मिरास' या नोंदीखाली वंशपरंपरागत जमीनहक्क, वडिलार्जित धन, मक्तेदारी हे अर्थ येतीलच. त्यांच्याखाली तंजावरचा अर्थही यावा: तमिळ मुलखात मोठा भातजमीनदार, जुन्या 'काणियाट्चि' या शब्दाच्या जागी रूढ, पण्णैयाळ पाहा. 'लावणी' खाली कामदहनाचा वाद यावा. 'मनोरा' खाली सरभेंद्रराजन्पट्टिनम् यावे. 'वांगी' खाली रसवांगी यावी, आणि तिच्या पुढे कंसात बोलीचे नाव लिहिताना संपादकांना ठरवावे लागेल, की ही नोंद मराठी म्हणून घालायची की तमिळ म्हणून.